काचमाशाची सावली

"माशाकडं बघू नगं, विमे. माशाची सावली बघ."

माझ्या बापाचा, कचरूचा, हा आवाज मला अजून ऐकू येतो. मी तेव्हा सात वर्षांची असेन. ओढ्याच्या खडकावर आम्ही दोघं पालथे पडलो होतो. पाण्यात काही म्हणता काही नव्हतं. तळच्या वाळूवर मात्र बोटाच्या पेराएवढ्या सावल्या पळत होत्या. सावली आहे आणि मासा नाही! बापाने पाण्यासकट ओंजळ हळूच वर आणली, तेव्हा मला मासा दिसला. अंगातले काटे मोजून घ्यावेत असा. त्याच्या आरपार बापाच्या तळहाताच्या रेघा दिसत होत्या.

गावात हे कुणाला पटलं नाही. ओढ्याचा वरचा डोह गावाचा, खडकाच्या पोटातला खालचा तेवढा आमच्या वस्तीचा. तिथं पाणी भरायला दुसरं कोण येणार आणि मासा कोण बघणार? पारावरची माणसं बापाला विचारायची, "कचरू, आज चांदीचा बैल दिसला का रं पाण्यात?" बाप हसायचा. छप्पन्न साली आम्ही धम्म घेतला. मी शिकले, राहात्याच्या शाळेत बाई झाले. सहासष्ट साली बाप गेला, आणि लोकांनी हसण्यावारी नेलेलं त्याचं बोलणं माझ्याकडे राहिलं.

पुढे तीन वर्षांनी मतदारयादीच्या कामाला घरोघर फिरत होते. आप्पासाहेबांच्या ओसरीवर पाय ठेवला आणि थबकले. आप्पासाहेब मोठे बागाईतदार, पण ओसरीवर उसाच्या गप्पांऐवजी काचेच्या बरण्यांची रांग. शेवटच्या बरणीत एकच मासा होता, काचेचा. बरणीपुढे मला रडू आवरेना.

"आपल्याकडचाच ना हा?" मी विचारलं.

आप्पासाहेब बरणीकडे बघत म्हणाले, "हो. पुणतांब्याच्या रेल्वेपुलाखाली धरला."

तो मासा दीड महिन्यात मेला. मी मात्र त्या दिवसापासून त्या ओसरीची झाले.

तिसरा आमचा जालिंदर, पुणतांबा स्टेशनावरचा रूळ बदलणारा सांधेवाला. तारखात्याच्या जुन्या बॅटऱ्यांच्या जाड काचेच्या बरण्या तोच मिळवून आणायचा. रविवारी आम्ही मच्छरदाणीच्या कापडाची जाळी घेऊन ओढे पालथे घालायचो. मुरी, खवली, मरळीची पिल्लं धरायची, बरणीत पोसायची, बघत बसायचं. लोक वाटेत अडवून विचारत, "काय बाई, कालवणाला जमलं का?" जालिंदर म्हणायचा, "जमलं की. तुमी मीठ तेवढं घिऊन या." आप्पासाहेबांनी एक वही घातली होती. कुठला मासा, कुठला ओढा, कुणी धरला, कधी. काचमाशाच्या पानावर एकच ओळ होती: पुणतांबा पूल, आप्पासाहेब, एकोणसत्तर.

मला त्या पानावर माझ्या बापाचा ओढा हवा होता. दुसरं काही नको होतं.

तीन वर्षं आम्ही तो पूल झिजवला. आप्पासाहेब सांगत, "संध्याकाळी वर येतो तो." म्हणून संध्याकाळीच जायचो. गुडघ्याचं निमित्त सांगून ते स्वतः पुलाकडे कधी आले नाहीत. बापाच्या डोहावर मी दोनदा जाऊन आले होते, पण दोन्ही वेळा भर पावसाळ्यात. गढूळ पाण्याला कुठली सावली?

मग बहात्तर साल उजाडलं. पावसाने तोंड फिरवलं. दिवाळीच्या सुट्टीत गावाहून निरोप आला की ओढा तुटला, खालच्या डोहात गुडघाभर पाणी उरलंय. मी आप्पासाहेबांना म्हणाले, "या वेळी पूल नको. माझ्या बापाचा डोह."

"त्या खडकात काय असणार, बाई? उगाच उन्हात..."

"आठ दिवसांत तो आटेल, आप्पासाहेब. मग माझा बाप कायमचा खोटा."

त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "जा."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी आणि जालिंदर डोहावर पोचलो. केशरबाई वाटीवाटीने हंडा भरत बसली होती. माझ्या आईच्या वयाची, आमच्याच वस्तीतली. जाळी बघताच कडाडली.

"पानी गढूळ केलंस तर बघ, विमे! बाई झालीस तरी पाठीत घालीन. हे पिण्याचं पानी हाय."

"जाळं नाही टाकत, केशरकाकू. नुसती बघते."

"बघ की. बघायला काय पैसं पडत्यात?"

मी पालथी पडले. खडक तापला होता. सूर्य बरोबर डोक्यावर, पाणी निवळशंख, तळाला वाळू. जालिंदर माझ्या शेजारी आडवा झाला.

"काय बी न्हाई, बाई," तो कुजबुजला.

"पाण्यात नको बघू. वाळूवर बघ."

वाळूवर एक काडी हलली. काडी नव्हती ती. मग दुसरी. मग पाच, सात, नऊ! तळावरून सावळे ठिपके सरकत होते, आणि वर पाणी नितळ, रिकामं. जालिंदरच्या तोंडून शीळच निघाली.

हात लावला की हा मासा मरतो, हे बाप सांगायचा. केशरकाकूने न मागता आपलं जर्मनचं वाडगं पुढे केलं. सावलीच्या खाली वाडगं न्यायचं, श्वास धरायचा, पाण्यासकट वर. पहिल्यांदा रिकामं आलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्या खेपेला वाडग्यात दोन डोळे आणि एक चंदेरी आतडं तरंगत होतं. बाकी सगळा मासा म्हणजे पाणीच. असे चार धरले आणि थांबलो.

सोबत आणलेलं मडकं अर्धं भरलं, वर हवा ठेवली, ओलं फडकं बांधलं. काठोकाठ पाणी भरून, घट्ट बूच लावून मासे मारायचा आमचा पहिल्या वर्षीचा गाढवपणा आता सरला होता. हवा मिसळावी म्हणून पाणी हलतं ठेवायचं, हे जालिंदर नदीवरच्या भोयांकडून शिकला होता. सायकलला बांधावं तर दगडगोट्यांच्या वाटेवर मडकं फुटायचं. मी ते डोक्यावर घेतलं.

"अगं बये!" केशरकाकू ओरडली. "डोक्यावर घेतल्यावर बाईच्या पान्यावर तरंग तरी उठतो का? जल्म गेला आपला. कडंवर घे, लेकरावानी. चालशील तसं डुचमळंल."

मी मडकं कडेवर घेतलं. आणि मागून काकूने हात झाडत, हसत, जात्यावरच्या चालीत टाकलंच:

"दोन कोसांची वाट, लेक चालती भराभरा,
कडंवर घेतलाय तिनं बापाचा बोल खरा."

दोन कोस मी त्याच दोन ओळींवर पाय टाकत चालले. कंबर भरून आली तरी बाजू बदलली नाही. जालिंदर सायकल ढकलत सारखा विचारायचा, "हायती का, बाई?" मी फडकं उचलून बघायची आणि म्हणायची, "आहेत."

वाटेत दुष्काळी कामावर रस्त्याची खडी फोडणं चाललं होतं. आमच्या गावचीच माणसं. पाणी बदलायला आम्ही तिथं थांबलो. काचेची बरणी जालिंदरने पिशवीतून काढली, मासे अलगद तिच्यात ओतले आणि बरणी उन्हात उंच धरली.

हातोड्यांचे आवाज एकेक करून थांबले.

"बरनी रिकामीच हाय की," कुणीतरी म्हणालं.

"रिकामी न्हाई, डोळं उघडा," जालिंदर म्हणाला.

सगळ्यांत आधी बायकांना दिसलं. त्या धावत आल्या. "अगं, काटं दिसत्यात!" "अगं, पल्याडचा लिंब दिसतोय त्याच्यातनं!" मग म्हातारे कारभारी आले. पारावर चांदीचा बैल विचारणाऱ्यांतला शेवटचा जिवंत माणूस. त्यांनी बरणीला नाक लावलं आणि एकेक मासा बोटाने मोजला.

"कचरू खरं सांगत हुता," ते म्हणाले. मग मागं वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाले, "ऐकलं का रं? कचरू खरं सांगत हुता!"

मी बरणी दोन्ही हातांनी वर धरली. हात खाली घ्यावेसे वाटेनात. उन्हाचे कवडसे बरणीतून माझ्या तोंडावर नाचत होते. बाप, बघतोस ना रे?

राहात्याला पोचलो तेव्हा चारही मासे जिवंत होते. मुकादमाने हाकललं नसतं तर खडीवरचे निम्मे लोक आमच्या मागे आले असते. आप्पासाहेब ओसरीवर येरझाऱ्या घालत होते, गुडघा बिडघा काही नाही. मासे मोठ्या बरणीत सोडले. चौघे एका दिशेला तोंड करून तरंगत उभे राहिले. आप्पासाहेबांनी चष्मा पुसला, वाकले, चष्मा काढला, पुन्हा वाकले.

जालिंदरने वही उघडून पुढे केली. "लिवा, आप्पासाहेब. तुमच्या खालीच लिवा. नोंद दुसरी. डोह कचरूबाबाचा, मासा विमलबाईंचा."

आप्पासाहेबांनी टाक उचलला. दौतीत बुडवला. शाईचा थेंब पानावर पडला तरी लिहिलं काही नाही.

"गुडघा दुखतोय का?" मी हसत विचारलं.

त्यांनी टाक खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता, बरणीकडे बघत म्हणाले, "विमलबाई, ही दुसरी नोंद नाही. पहिली आहे. तो माझा मासा मुंबईच्या दुकानातला होता, मी विकत आणलेला. त्या पुलाखाली मी जन्मात जाळं टाकलं नाही. तुम्ही डोळ्यांत पाणी आणून विचारलंत, आपल्याकडचाच ना हा? आणि माझ्या तोंडून हो निघून गेलं. तीन वर्षं रोज ठरवत होतो सांगायचं. ओढ्यातला काचमासा मी आज पहिल्यांदा बघतोय, बाई. तुमच्या वडलांचा."