आवाज परत आणणारे निळे औषध

मी एक जुनी बाटली आहे. खोकल्याच्या औषधाची, तपकिरी काचेची, रुंद खांद्यांची. मित्रांनो, माझी गोष्ट मी अगदी क्रमाने सांगायचे ठरवले आहे, पण मध्येच माझी बोबडी वळली तर सांभाळून घ्या. जे झाले त्यातून मी अजून पुरती सावरलेले नाही.

तसे धक्के मला जन्मापासूनच बसत आले. काचेच्या कारखान्यात वितळलेल्या काचेचा एक लालभडक गोळा साच्यात पडला, वरून हवेचा झोत आला, आणि काय होते आहे ते कळायच्या आत मी बाटली झाले होते. मग औषधाच्या कारखान्यात माझ्यात गोडसर, घट्ट औषध भरले आणि पोटावर कागद चिकटवला. त्यावर औषधाचे नाव, कोणी किती चमचे घ्यायचे, आणि लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये, असे सगळे छापलेले होते. त्या कागदाचा मला फार अभिमान होता. जे आत तेच बाहेर लिहिलेले, हीच आम्हा औषधाच्या बाटल्यांची अब्रू.

मी ज्या घरी आले तिथे आई, बाबा आणि दोन मुली होत्या. बाबा बेकरीत कामाला होते, त्यामुळे घरात कमी आणि भट्टीपाशी जास्त. थोरली शाळेत वरच्या वर्गात, तर धाकटी नुकतीच एकेक अक्षर जुळवून वाचायला लागलेली. खोकला तिलाच झाला होता. पण औषध घेताना ती दात असे घट्ट मिटायची की बोलायची सोय नाही. मग आई काय करायची, चमचा भरून आधी स्वतः थोडेसे चाखायची.

"बघ, घेतलं मी. झालं का मला काही? आता तुझी पाळी."

मग ती चिमुरडी मुकाट्याने तोंड उघडायची. त्या घरात औषध कोणाचेही असो, आधी दुसऱ्याने चाखून दाखवायचे आणि मग द्यायचे, असा शिरस्ताच पडून गेला. माझ्यामुळे धाकटीला गुण आला आणि आईने माझे तोंडभरून कौतुक केले. नंतर मी रिकामी झाले आणि माझी रवानगी ओट्याखालच्या कपाटात झाली. तिथे झुरळांशिवाय मला कोणी विचारत नव्हते.

आता आईविषयी सांगायला हवे. ती बसस्थानकावर घोषणा करायची. कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली, कोणती उशिरा येणार, कोणाचे पोर चुकले आहे, हे सारे साऱ्या गावाला तिच्या आवाजात कळायचे. आवाज असा स्वच्छ आणि भरदार, की झोपलेले प्रवासीसुद्धा बरोबर आपल्याच गाडीच्या नावाला उठायचे. त्या आवाजावर तिची नोकरी होती आणि तिचा जीवही होता.

त्याच गळ्यात गाठ झाली. शस्त्रक्रिया करावी लागली. दवाखान्यातून आल्यावर थोरलीने बाबांना डॉक्टरबाईंचे बोलणे जसेच्या तसे सांगितले, तेव्हा ओट्याखाली माझीसुद्धा काच गार पडली.

"बाबा, त्या म्हणाल्या, हूं नाही की चूं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. आतली जखम अजून ओली आहे. आत्ता ओरडलात तर हा आवाज कायमचा जाईल, मग माझ्याकडे येऊन रडू नका."

आईने मान डोलावली आणि त्या दिवसापासून तोंडाला कुलूप लावले. दिवसभर बडबडणारे घर एकदम मुके झाले. मग थोरलीनेच युक्ती काढली. आईने चमच्याने पेल्यावर किंवा बाटलीवर वाजवायचे. एकदा वाजले की 'इकडे ये', दोनदा वाजले की 'हो', आणि नुसता खणखणाट सुरू झाला की 'शाब्बास!' 'नको' म्हणायचे असेल तर आई मान हलवेल, त्याला आवाज कशाला, असे सगळ्यांनीच ठरवले. कोणाला त्यात काही वावगे वाटले नाही. मलाही नाही.

गळ्याला काम नाही म्हटल्यावर आईच्या हातांना चैन पडेना. थोरलीने कुठेतरी पाहिले होते की जुन्या बाटल्या सजवून जादूगारांच्या औषधांच्या बाटल्या करता येतात. झाले! मायलेकींनी ओट्याखालचे कपाट उपसले आणि आम्हा साऱ्या रिकाम्या बाटल्यांना कोमट पाण्यात बुडवले. मला वाटले, आंघोळ आहे. तोच माझा कागद सुटायला लागला. मी हबकलेच! थोरलीने उरलासुरला चिकटा तेल लावून, नखाने खरवडून काढला. भर दिवसा चारचौघींत माझी अब्रू गेली.

पुढे जे झाले ते तर विचारूच नका. गरम गोंदाच्या बंदुकीतून आईने माझ्या अंगावर वळणे घेत जाणारा एक साप काढला, चांगला शेपटीपासून फण्यापर्यंत. गोंद वाळल्यावर मला नखशिखान्त काळा रंग फासला. आता संपले म्हणून मी श्वास सोडते तोच आईने बोटाच्या टोकावर सोनेरी रंग घेऊन सापाच्या अंगावरून हलकेच फिरवला. आणि खोटे कशाला बोलू, तो साप असा काही उजळला की शेजारची लोणच्याची बरणीही माझ्याकडे बघत राहिली. पोटावर काचेची एक खिडकी तेवढी बिनरंगाची ठेवली होती, आतले दिसावे म्हणून. गळ्यात तुटक्या माळेची साखळी आली. थोरलीने आनंदाने टाळ्या पिटल्या आणि आईने चमच्याने टेबलावरच्या बाटल्यांवर खणखणाट केला. शाब्बास!

मग माझ्यात पाणी भरले, निळा रंग घातला, चांदीसारखी चमकणारी भुकटी टाकली. आधीच्या बाटल्यांतले पाणी चार दिवसांत गढूळ होऊन वास मारायला लागले होते. म्हणून आईने या खेपेला फरशी पुसायचे जंतुनाशक औषध झाकणभर ओतले. शोभेचीच तर बाटली, पिणार कोण, असा साधा हिशेब.

शेवटी राहिला कागद. कागद चहाच्या पाण्यात बुडवून जुनाट केलेला, कडा जाळलेल्या. बाकीच्या बाटल्यांवर 'अदृश्य होण्याचा काढा', 'उडण्याचा अर्क' असले काहीबाही लिहून झाले होते. माझी पाळी आली तेव्हा आई जरा थांबली, स्वतःशीच हसली आणि तिने ठळक, देखण्या अक्षरात लिहिले: 'हरवलेला आवाज परत आणणारे औषध. रोज एक चमचा.'

थोरली पोट धरून हसली. आईसुद्धा हसली, आवाज न करता, खांदे हलवत. मी मात्र सुन्न झाले. जन्मात कधी माझ्या अंगावर खोटे अक्षर चिकटले नव्हते, आणि आत काय, तर फरशी पुसायचे औषध! टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून धाकटी एकेक अक्षर जुळवत होती. ह... र... व... लेला. ती हसत नव्हती. ते कोणाच्या लक्षातच आले नाही.

माझ्या बुचावर मेण ओतायचे दुसऱ्या दिवसावर राहिले. बूच नुसते टेकवून मला खिडकीजवळच्या फळीवर वाळत ठेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरली आतल्या खोलीत अभ्यास करत होती. आई लांबलचक खोलीच्या दुसऱ्या टोकाला टेबलाशी बसून नव्या बाटलीवर गोंद सोडत होती. धाकटीने आवाज न करता स्टूल ओढले, ती त्यावर चढली आणि तिने मला उचलले. बूच निघाले. तिच्या दुसऱ्या हातात चमचा होता. मला वाटले, खेळते आहे. पण ती ज्या जपणुकीने चमचा आडवा धरून माझ्यातले निळे पाणी ओतत होती, ते पाहून माझ्या बुडापर्यंत थंडी भरली. ही खेळत नव्हती. ही औषध देत होती! आईला! आणि या घरात औषध देणाऱ्याने आधी काय करायचे असते?

मी ओरडले, मित्रांनो. जिवाच्या आकांताने ओरडले. पण बाटलीचे ओरडणे कोणाला ऐकू येते?

आईने मान वर केली. तिला पाठमोरी धाकटी दिसली, खिडकीच्या उजेडात चमकणारा निळा चमचा दिसला, आणि तो पोरीच्याच तोंडाकडे निघालेला दिसला. आईने हातातली बंदूक टाकली आणि सवयीने जे जमत होते ते केले. चमचा उचलून समोरच्या बाटल्यांवर दणादण वाजवायला सुरुवात केली. खण, खण, खण, खण!

धाकटीचा चेहरा फुलला. खणखणाट म्हणजे शाब्बास.

मागे न बघताच ती म्हणाली, "हो आई! आधी मी चाखते, मग तुला देते हं!"

अरे देवा! आई उठली, खुर्ची उलटली. पण खोली लांब होती आणि चमचा ओठांपाशी पोचला होता. मान हलवून उपयोग नव्हता, पोरीची पाठ होती. आईने एक क्षण स्वतःचा गळा हाताने घट्ट धरला. ते मी पाहिले. आणि मग तिने तो हात काढला.

"नकोऽऽ!"

खिडकीची तावदाने थरथरली. धाकटी दचकली, चमचा उडाला, मी फरशीवर आपटले. माझ्या खांद्याचा टवका निघाला आणि निळे पाणी खोलीभर पसरले. आतून थोरली धावत आली. आईने पोरीला कवटाळले होते, पदराने तिचे ओठ पुसत होती, बोट घालून तोंड तपासत होती. तोंडात एक थेंबही गेला नव्हता.

धाकटी आधी भेदरून बघत राहिली. मग एकदम तिचे डोळे चमकले.

"ताई! आई बोलली! मी अजून दिलंसुद्धा नाही, तरी औषध लागू पडलं!"

आईने तिला काहीतरी सांगायला तोंड उघडले. नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवाच.

संध्याकाळी डॉक्टरबाईंकडे जाऊन आल्यावर घरात कोणी दिवा लावायलाही उठेना. जखम उसवली होती. पुन्हा पहिल्यापासून मौन, आणि पुढे आवाज येईल की नाही ते सांगता येत नव्हते. धाकटीने फरशीवरून मला उचलले, आत राहिलेले घोटभर निळे पाणी उजेडात धरून पाहिले आणि विचारले, "ताई, आईला आणखी एक चमचा देऊ?"

थोरलीचा बांध फुटला. "अगं, ते औषध नव्हतं! ते रंगाचं पाणी होतं. विषारी होतं. आम्ही गंमत म्हणून लिहिलं होतं."

"मग लिहिलंत कशाला?"

तिने रागाने विचारले नव्हते. तिला खरोखरच कळत नव्हते. आईने माझ्यातले पाणी ओतून टाकले, मला साबणाने विसळले आणि माझ्या अंगावरचा तो कागद स्वतःच्या हाताने सोलून काढला. मग बाकीच्या बाटल्यांचेही तसेच केले. सगळे होईपर्यंत ती रडत होती, तेही आवाज न करता.

नंतरचे दिवस मला सर्वांत जड गेले. धाकटी आईपाशी जाईना. लांबून बघायची आणि पळायची. का, ते कोणाला सांगेना. अखेर डॉक्टरबाईंनी बोलायची परवानगी दिली. त्या दिवशी सगळे टेबलाभोवती बसले. बाबा पिठाच्या हातांनी तसेच आले होते. आता आई काय बोलणार, म्हणून सगळ्यांचे डोळे तिच्या तोंडाकडे लागले होते. पण बोलली आधी धाकटी, खाली मान घालून.

"आई, तू माझ्यावर खूप रागावलीस ना? तू मला ओरडलीस आणि मग बोललीच नाहीस."

एवढे दिवस हे पोर हाच दगड उरावर घेऊन हिंडत होते. आईने तिला जवळ ओढले. आवाज आला तो जाडाभरडा, खरखरीत. तो स्वच्छ, भरदार आवाज गेला होता, तो गेलाच.

"रागावले नव्हते गं राणी," ती म्हणाली. "घाबरले होते."

धाकटी तिच्या गळ्यात पडली आणि जी रडली, ती आवरेचना.

आता आई बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसते आणि मी तिच्या टेबलावर पेने सांभाळते. घोषणा दुसरेच कोणी करते. मित्रांनो, आम्हा जुन्या बाटल्यांना तुम्ही जरूर रंगवा. साप काढा, साखळ्या घाला, आम्हालाही नटायला आवडते. पण घरात लहान कोणी असेल तर आत असले काही भरू नका, आणि जे नाही ते औषध म्हणून आमच्या अंगावर लिहू नका. घरातले मोठे माणूस कधी तुमच्यावर ओरडले, तर लगेच रुसून बसू नका. ते का ओरडले, ते त्याला विचारा. विचारायला उशीर मात्र करू नका.

परवा एक म्हातारा ड्रायव्हर सुटे पैसे मागायला खिडकीशी आला. आईचा आवाज ऐकून चमकला आणि हळहळून म्हणाला, "अहो ताई, काय आवाज होता तुमचा! गेला की हो तो!"

आईने त्याला सुटे पैसे मोजून दिले. मागे बाकावर धाकटी पाय हलवत, शाळेचे पुस्तक मोठ्याने वाचत बसली होती. आईने एकदा वळून तिच्याकडे पाहिले.

"गेला नाही हो काका," ती म्हणाली, "कामी आला."