चूलबंद आवतण

हैबती गुरवाचे पिंपळाच्या फाट्यावर दोन व्हायचे. एक डावीकडच्या आळीत जायचा, एक उजवीकडच्या. पुढं जिथं बोळ फुटायचा तिथं त्या एकाचे परत दोन. दोघांच्या डोक्याला तोच पिवळा पटका, दोघांच्या हातात तीच अक्षतांची वाटी, आणि दोन्ही वाट्या काठोकाठ. गावाला यात नवल नव्हतं. लग्नाबारशाचं आवतण घरोघर पोचवायचं काम गुरवाकडं, आणि एवढी घरं एकट्यानं कधी फिरून व्हायची? त्याचा बाप असाच फुटायचा. आजा तर बसल्या जागी फुटायचा म्हणतात, पण ते जाऊ द्या.

त्यालाही रीत होती. आवतण हवं असलं की उंबऱ्यावर तांब्या उभा ठेवायचा, नको असलं की पालथा. ज्या बोळात एकही तांब्या उभा नाही, त्याच्या तोंडाशी हैबती फुटायचाच नाही. उगा कशाला माणूस झिजवा? पण आवतण चूलबंद असलं की तांब्याबिंब्या बघायचं नाही. चूलबंद म्हणजे आज गावात कुणी चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी मांडवात जेवायचं. मग हैबती दिसेल त्या फटीत शिरायचा. अंघोळ करणाऱ्याच्या न्हाणीत, कुलूप लावून पुण्याला गेलेल्याच्या ओसरीवर, रवंथ करणाऱ्या म्हशीपुढं. ज्याला ऐकायचं नाही त्यालाही हातातलं काम टाकून ऐकावं लागायचं. आप्पा सुतारानं एकदा अर्धी दाढी तशीच ठेवून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गुरव, माझं पोट बिघडलंय." हैबती म्हणाला, "मला काय त्याचं. मी सांगून चाललो."

सरपंचानं मोबाईलवर गावाचा ग्रुप काढला होता. एकदा टाकलं की ग्रुपात असतील त्या सगळ्यांना एका दमात. पण अर्धा गाव त्यातनं बाहेर पडला आणि उरलेला अर्धा रोज सकाळी गुलाबाची फुलं पाठवायला लागला. शिवाय ओढ्याजवळ रेंज संपायची. मग गाव परत हैबतीकडं आलं.

काम झालं की सगळे हैबती देवळाच्या पायरीशी जमायचे आणि वाटीत वाटी बसावी तसे एकात एक बसायचे. उरलेला एक घरी जेवायला जायचा. भूक मात्र सगळ्यांची असायची.

तर लग्न निघालं त्याच्याच पोरीचं. सुगंधाचं. मुहूर्त गोरजाचा. आता पहिली अक्षत देवाला आणि दुसरी मामाला, हे सांगायला नको. मामानं नवरीला हाताला धरून मांडवात आणायचं आणि मंगलाष्टकं होईस्तोवर तिच्या पाठीशी उभं राहायचं. सुगंधाचा मामा बळवंता ओढ्यापलीकडं वस्तीवर राहायचा, आणि हैबतीचं नि त्याचं बोलणं नव्हतं. कारण एक बोकड. कोण कुणाच्या बोकडाला काय म्हणालं हे दोघंही विसरले होते. अबोला तेवढा ध्यानात होता.

हैबतीची बायको अनसा रोज मागं लागायची, माझ्या भावाला अक्षत देऊन या. हैबती रोज म्हणायचा उद्या. लग्नाच्या दिवशी सकाळी त्यानं तोड काढली. आज चूलबंदच देतो, त्यात तुझा भाऊ आलाच.

"नाव घेऊन बोलवा त्याला," अनसा म्हणाली.

"समद्यांत तो येतोय की."

"समद्यांत कुणीच येत नसतं."

हैबतीनं पटका बांधला आणि निघाला. पिंपळाशी दोन झाला, मारुतीच्या पाराशी चार, आणि उन्हं अंगणात येईस्तोवर गावात कुठंही बघा, हैबती. त्यातला एक चालत चालत ओढ्यावर आला आणि अडला. तिथं गावाची शीव होती. चूलबंद शिवेच्या आतलं. पुढं हवा भिजल्या घोंगडीसारखी जड झाली, पाऊल पडेना.

समोर बळवंता बाजेवर बसून दोरी वळत होता. त्याच्या उंबऱ्यावर तांब्या उभा होता, चिंचेनं घासून लखलखीत केलेला. रोज घासत असावा. हैबतीनं तो बघितला आणि दुसरीकडं बघितलं. मग घसा ताणून ओरडला, की गुरवाघरचं लगीन, समद्यांनी यावं, चूलबंद. शब्द निघाले आणि ओढ्यात पडले. खेकड्यांनी ते बिळात नेले. बळवंतानं हात हलवून काय म्हणून विचारलं, थोडा वेळ वाट बघितली आणि पुन्हा दोरीला लागला. हैबती हट्टानं तिथंच उभा राहिला, ओरडत.

इकडं बाकीचे देवळाशी जमले, पण एकात एक बसेनात. मधला एक कमी होता ना. मग सगळेच घरी गेले. सगळ्यांनी चहा मागितला, सगळे आपल्या नेहमीच्या जागी बसले, आणि जागा एकच होती. एकेक हैबती आत आला की भिंती वीतभर आत सरकायच्या. अनसा आडवी होऊन कशीबशी चुलीपर्यंत जायची. हळद लागलेली सुगंधा माजघरात पाटावर बसली होती आणि तिच्याभोवती सगळे बाप दाटीनं उभे राहून रडू नको म्हणून समजूत घालत होते. ती रडत नव्हती.

"आबा," ती म्हणाली, "मामा पाठीशी नसला तर मी या पाटावरनं उठायची न्हाई. तुमी कितीबी असा."

हैबतींनी एकमेकांकडं बघितलं. प्रत्येकाला वाटलं दुसरा जाईल. असा बराच वेळ गेला. भिंती पार पटक्यांना टेकल्या, कुणाला मान हलवता येईना. बाहेर मांडवात भटजी आले, वाजंत्री आले, वऱ्हाड पिंपळापाशी आल्याची वर्दी आली. शेवटी सगळे एकाच वेळी दारातून बाहेर पडले आणि ओढ्याकडं पळाले.

ओढ्यावरचा अजून ओरडतच होता. बाकीचे त्याच्यामागं ओळीनं उभे राहिले. त्यानं पुन्हा 'समद्यांनी' म्हणायला तोंड उघडलं आणि थांबला. उभ्या जन्मात त्यानं आवतणात कुणाचं नाव घेतलं नव्हतं. जीभ वळेना.

"बळवंतराव," तो म्हणाला. मागचा एक हैबती त्याच्यात येऊन बसला.

"तुमी या." आणखी एक बसला. हवा जरा सैल झाली.

मग तो बोलतच सुटला. पोर अडून बसलीय म्हणाला, तुमची बहीण माझ्याशी धड बोलत न्हाई म्हणाला. एकेका बोलाला एकेक हैबती आत शिरत होता. शेवटी म्हणाला, "बोकडाचं माझंच चुकलं." तसे उरलेसुरले सगळे धाडकन एकदम बसले, हवा फाटली, आणि तो ओढ्यात उतरला. घोट्याएवढंच पाणी, पण सगळ्यांच्या भारानं तो मांडीपर्यंत वाळूत रुतत, पाय उपसत पलीकडं अंगणात पोचला.

बळवंतानं दोरी बाजूला ठेवली. "आता ऐकू आलं, दाजी. सकाळधरनं नुसतं तोंड हलत हुतं."

"मग जवळ यायचं की."

"मला वाटलं, दुसऱ्या कुणाला बोलवताय."

त्यानं अक्षत घेतली, कपाळाला लावली आणि विचारलं, "मी एकट्यानं यायचं, का कसं?"

हैबतीचा ऊर भरून आला होता. अशा वेळी माणूस सवयीचं बोलतो. तो म्हणाला, "चूलबंद."

आणि ते तो बळवंताच्या अंगणात उभा राहून म्हणाला, बळवंताच्या शिवेत. तिथं ते लागू झालं. आधी बाज उठली. मग शेरडं उठली, कडुनिंबानं मुळं झटकली, छपरानं वाकून आपलं दार उचललं. सगळ्यात शेवटी विहीर उठली, लुगड्याच्या निऱ्या धराव्या तसा कठडा धरून.

मांडवात पोचले तेव्हा गुरं घरी येत होती. बळवंता सरळ माजघरात गेला. त्यानं हात पुढं केला, सुगंधा पाटावरनं उठली. अंतरपाट धरला. नवरी इकडं, नवरा तिकडं, मामा पाठीशी. अनसानं पदरानं तोंड पुसलं आणि हैबतीला म्हणाली की पटका सरळ करा. गाव दाटीवाटीनं सरकलं. बाज बायकांत बसली, कडुनिंब मागं उभा राहिला. आप्पा सुतारानं विचारलं, हे कुणाकडचे? कुणीतरी म्हणालं मामाकडचे. मग बसू द्या, आप्पा म्हणाला.

विहीर उशिरा आली. मांडवाच्या दारातच उभी राहिली, काठोकाठ भरलेली, वाटेत थेंब न सांडता. अक्षता वाटून संपल्या होत्या. तिला द्यायच्या राहिल्या. शेवटचं मंगलाष्टक आलं, सगळ्यांनी हात उचलले, विहिरीनं इकडं तिकडं बघितलं, आणि आपल्याजवळ जे होतं ते घेऊन ती पुढं वाकली. भटजींच्या तोंडून 'साव' एवढंच बाहेर पडलं होतं. बळवंतानं डोक्याचं पागोटं सोडून सुगंधाच्या डोक्यावर धरलं.