सातवं नाव

संस्था नोंदवायला गेले तेव्हा माझी सही बघून लातूरच्या धर्मादायच्या ऑफिसातला कारकून म्हणाला होता, "आजी, अक्षर चांगलं आहे तुमचं." त्या एका वाक्यावर मी आठ दिवस ताठ चालले. आता कुठं सही करायची वेळ आली की आधी शेजारची शाईची डबी दिसते.

शाळा म्हणाल तर मी तिसरीपर्यंत. त्यातली दीड वर्षं शेळ्यांमागं गेली. पण रेशनच्या दुकानात, बँकेत, ग्रामसेवकापुढं, कुठंही मी अंगठा दिला नाही. बायका शाईच्या डबीत बोट बुडवायच्या आणि मी पेन मागायचे. "पंचशीला नरहरी बनसोडे" एवढं सगळं लिहायचे, मागं रांग खोळंबली तरी. अंगठा देणाऱ्या बायांना मी तोंडावर "डबीवाल्या" म्हणायचे. नागाबाईलासुद्धा. ती हसायची.

नागाबाई कोण ते सांगते. अहमदपुरात आमच्या गल्लीत तिसऱ्या घरातली. ती गवंड्याच्या हाताखाली, मी शाळेत खिचडी शिजवायला, अशी आमची उमर गेली. तिची नात विशाखा, जळकोटाकडच्या खेड्यातली. त्यांच्या गावाला संध्याकाळची गाडी बंद झाली आणि पोरीची शाळा सुटायला आली. नागाबाई तिला हाताला धरून माझ्याकडं आली.

"पंचे, हिला तुज्याकडं ठीव. माज्या घरात पाय पसरायला जागा न्हाई."

"अन् माजं काय निजामाचं घर हाय?"

"तुजा पलाट मोकळा हाय की मागं."

प्लॉट माझ्या नवऱ्यानं घेतलेला. तो एसटीत ड्रायव्हर होता. त्या मोकळ्या जागेत पहिली खोली उठली. विटा नागाबाईनं डोक्यावर आणल्या, फरशी तिनंच बसवली, भिंतीला ओळंबा तिनंच धरला. विशाखामागं दुसरी पोर आली, मग तिसरी. खोल्या तीन झाल्या. अकरा वर्षांत किती पोरी दहावी-बारावी होऊन गेल्या ते मी मोजलं नाही. विशाखा उदगीरला नर्स आहे. गेल्या साली अकरा पोरी होत्या. वरण मी लावायचे, भाकरी नागाबाई. आमच्या दोघींत कागद नव्हता, कुणी मागितलाही नाही.

मग एक दिवस सरकारी बाई आल्या. चांगल्या होत्या, चपला बाहेर काढून आल्या. पोरींशी बोलल्या, संडास बघितला, म्हणाल्या, "सगळं नीट आहे, पण आजी, नोंदणी कुठंय? परक्यांच्या मुली ठेवता. उद्या एखादीला काही झालं तर जबाबदार कोण? संस्था काढा. नाहीतर मला हे बंद करावं लागेल."

त्यांचं चुकलं नव्हतं. मी म्हटलं, काढू.

माझ्या दिराचा मुलगा आनंदराज नांदेडला असतो. त्याचा धंदाच तो. कुणाला संस्था, कुणाला कंपनी, ज्याला जे पाहिजे ते नोंदवून द्यायचा. फोन केला तर तिसऱ्या दिवशी गाडी घेऊन दारात. लॅपटॉप मांडीवर घेऊन मला समजावून सांगितलं.

"संस्थेला सात माणसं लागतात, काकू. कंपनीला दोन बास होतात. पर संस्थेत नफा वाटून घेता येत न्हाई, कंपनीत येतो."

"नफा कशाचा रे? वरणाचा?"

"तुमचं आपलं काईतरीच." तो हसला. "अन् जागा संस्थेच्या नावानं बक्षीसपत्र करून टाका. म्हंजे तुमच्यामागं नरसिंगच्या पोरांत वाटणीचा सवालच न्हाई. पोरींची जागा पोरींचीच."

नरसिंग माझा मुलगा. तो कोपऱ्यात बसला होता. त्यानं मान हलवली. मला ते बोलणं लई आवडलं. माझे नातू गुणाचे आहेत, पण जमिनीपुढं गुण टिकत नाहीत हे मी बघितलेलं आहे.

मग सात नावं लिहायला बसलो. मी अध्यक्ष. नरसिंग, माझी सून मनिषा. आनंदराज सचिव, कागदाचं तोच बघणार. "कागद सांभाळायला घरचीच माणसं बरी," म्हणून त्याची बायको उज्वला आणि मेहुणा विनोद. सहा झाले.

"सातवी आमची नागाबाई," मी म्हटलं.

"सही करतात का त्या?"

"अंगठा."

"चालतो तसा. साक्षीदार लागतो एक, बास." तो लॅपटॉपवरून मान वर न करता बोलला. मग थांबला. "पर बगा काकू. तुमच्या संस्थेचा कागद. लातूरला जानार, पुढं देनग्या देनारे लोकं मागून बगनार. शाळाकालेजाच्या पोरींची संस्था, अन् खाली सहा सह्या अन् एक निळा अंगठा. मला काय, तुमी म्हनाल तसं."

तुमी म्हणाल तसं. हे तो म्हणाला, खोटं कशाला सांगू. त्यानं माझ्या हातात दिलं होतं. माझ्या डोळ्यांपुढं तो कागद आला, वर माझं पूर्ण नाव आणि खाली तो डाग. मी म्हटलं, "र्‍हाऊ दे मग. दुसरं बघ कुणी."

त्यानं त्याच्या नांदेडच्या एका मित्राचं नाव घातलं, संगमेश्वर. मी त्या माणसाचं तोंड आजवर दोनदा बघितलंय.

सह्यांच्या दिवशी नागाबाई सकाळीच आली. डोक्यावरून न्हालेली. चौदा एप्रिलला नेसते ते पांढरं लुगडं. प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्ड आणि नवे काढलेले दोन फोटो.

"कुठं लावू अंगठा?"

"नागे, कायद्यात अंगठा चालत न्हाई बग."

तिनं आपल्या अंगठ्याकडं बघितलं. सिमेंटनं त्याच्या रेघा कधीच गेल्या होत्या. "बँकेत चालतो की."

"बँकेचं येगळं. हे संस्थेचं हाय."

"हाव? असंल बाई." तिनं फोटो परत पिशवीत सरकवले. "मंग चहा तरी ठिवते सगळ्यायला. सात कप करू का आठ?"

"आठ कर. तुजाबी."

"म्या सकाळीच पेले," ती म्हणाली आणि सातच केले.

माझी सून मनिषा सगळं ऐकत होती. नंतर चुलीपाशी मला हळूच म्हणाली, "आत्या, आनंदराजभाऊजी तर चालतो म्हनले होते." मी तिला म्हटलं, "तू सही केलीस न्हवं? मग गप बस." आता मनिषा मला काही म्हणत नाही. म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

नोंदणी झाली, मागोमाग प्लॉटचं बक्षीसपत्रही संस्थेच्या नावानं झालं. सर्टिफिकेट फ्रेम करून पहिल्या खोलीत लावलं. नागाबाईच खिळा ठोकायला स्टुलावर चढली, कारण भिंत तिची होती, खिळा कुठं धरेल ते तिलाच माहीत.

सात महिन्यांनी रजिस्टर पोस्टानं सभेची नोटीस आली. माझीच संस्था आणि मलाच नोटीस. मी हसले. सभेला नांदेडहून चौघे एकाच गाडीतून उतरले. आनंदराजनं वाचून दाखवलं, की तीन खोल्या नांदेडच्या एका कंपनीला अकरा महिन्यांच्या करारानं द्यायच्या, क्लास चालवायला. संस्थेचा शैक्षणिक विकास. कंपनी कुणाची? उज्वलाची आणि विनोदची. दोन माणसं बास होतात, हे त्यानं मला आधीच सांगितलं होतं.

"अन् पोरी?" मी विचारलं.

"काकू, असल्या चार पोरींनी संस्था मोठी होत न्हाई."

"अकरा हायेत. आधी मोजायला शीक, मंग क्लास काढ."

तो रागावला नाही. त्याला रागवायची गरजच नव्हती. हात वर करायला सांगितले. त्यांचे चार, आमचे तीन. लगेच दुसरा ठराव झाला, प्रकृतीच्या कारणानं अध्यक्ष बदलायचा. परत चार आणि तीन. मला "संस्थापक मार्गदर्शक" केलं.

"मार्गदर्शक म्हंजे रस्त्याच्या कडंचा मैलाचा दगड," मी म्हटलं. "गाड्या पुढं जातेत, त्यो तिथंच ऱ्हातो."

उज्वलानं खाली बघितलं. विनोद फोन बघत होता.

अध्यक्ष बदलला की धर्मादायच्या ऑफिसात अर्ज द्यावा लागतो आणि त्यावर हरकत घेता येते, असं वकिलानं सांगितलं. मी हरकत घेतली. तारीख पडली. नागाबाई म्हणाली, "म्या येते. सांगते त्यायला कुनी बांधलं ते."

मी नको म्हणायला पाहिजे होतं. पण मला वाटलं, साहेब माणूस असेल, बाईचे हात बघेल.

लातूरला नरसिंग, वकील आणि आम्ही दोघी असे गेलो. साहेब खरंच माणूस होते. माझं सगळं ऐकून घेतलं. नोटीस कधी मिळाली विचारलं. मिळाली म्हटलं. सभेला हजर होता का. होते. वकिलानं कंपनीचं काढलं, तर साहेब म्हणाले, "तो करार बरोबर की चूक, त्याचा वेगळा अर्ज द्या, वेगळी सुनावणी होईल. आज माझ्यापुढं एवढंच आहे, की सभा नियमानं झाली का आणि मतं किती पडली."

तेव्हा नागाबाई उठली. हात जोडले. "साहेब, त्या खोल्या म्या बांधल्या. इटा वाहिल्या. पोरीयला भाकरी म्या घालते. माजं मत पंचशीलाला हाय."

साहेबांनी कागद पुढंमागं केले. "बाई, तुम्ही सभासद आहात का?"

ती माझ्याकडं वळली. मी साहेबांना म्हटलं, "न्हाई."

"एवढं केलंय यांनी, मग नाव का नाही घातलं?"

मी हातातले कागद सारखे करायला लागले. तिथं नागाबाईच माझ्या मदतीला धावली. "कायद्यात बसत न्हवतं साहेब. म्या अंगठेवाली."

टेबलाच्या कडेला तोच कारकून बसला होता, माझं अक्षर बघितलेला. तो सहज म्हणाला, "अंगठा चालतो की, मावशी. शेजारी साक्षीदाराची सही घेतली की झालं. अशा किती संस्था आहेत आमच्याकडं."

आनंदराज पलीकडं उभा होता. "म्या सांगितलं होतं काकूला," तो म्हणाला, अगदी सभ्यपणे. "त्याच म्हनल्या, ऱ्हाऊ दे."

नागाबाई माझ्याकडं बघत राहिली नाही. तसं केलं असतं तर मी काहीतरी बोलले असते, मला बोलता येतं. ती फक्त खाली बसली आणि पिशवी मांडीवर घेतली. साहेबांनी हरकत फेटाळल्याच्या दोन ओळी लिहिल्या.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी, ती माझ्याशेजारी. चाकूर मागं पडलं. शेवटी मीच म्हटलं, "नागे, चुकलं माजं."

"काय चुकलं?" ती समोर बघत म्हणाली. "कागद चांगला दिसला पायजे होता. चांगला दिसला."

पुढं अहमदपूर येईपर्यंत ती डोळे मिटून होती. झोपली नव्हती, पिशवीवरचा हात जागा होता.

महिन्याभरानं निकालाची नक्कल घ्यायला मी परत लातूरला गेले. कारकुनानं रजिस्टर फिरवून पेन पुढं केलं. शेजारी शाईची डबी होती. मी पेन घेतलं नाही. डावा अंगठा डबीत घातला आणि रजिस्टरवर नेला.

त्यानं माझं मनगट धरलं. "अहो आजी, तुमची सही आहे रेकॉर्डला. तुम्हाला अंगठा देता येणार नाही. सहीच करा."

मी अंगठा पदराला पुसला आणि सही केली. पूर्ण नाव. मागं रांग होती.

करारावरच्या वेगळ्या अर्जाला तारीख पडायच्या आधीच खोल्या एक तारखेला रिकाम्या झाल्या. पोरींच्या पेट्या नरसिंगनं एसटी स्टँडवर पोचवल्या. मनिषा सांगते, नऊ पोरी गावाकडं गेल्या. त्यातल्या तिघींची नावं शाळेनं कमी केली, एकीची सुपारी फुटली. खोल्यांवर आता निळा बोर्ड आहे, सकाळी सातपासून मोटारसायकली लागतात. सर्टिफिकेट तिथंच भिंतीवर आहे, त्यावर माझं नाव पहिलं. पुसत कुणी नाही ते, धूळ बसते.

दोन पोरी दहावीच्या. परीक्षा तोंडावर. त्यांना नागाबाईनं आपल्या घरात घेतलं, जिथं पाय पसरायला जागा नाही तिथं. ती स्वतः दारात झोपते म्हणे.

काल मी वरण करून नेलं. दोघी पोरी भिंतीला टेकून वाचत होत्या, मला बघून उठायला लागल्या. नागाबाई भाकरी थापत होती. तिनं वर बघितलं.

"नागे, वरण आनलंय पोरीयला."

"ठीव तिथं."

मी पातेलं उंबऱ्याच्या आत ठेवलं. एवढ्या वर्षांत तिनं मला कधी "बस" म्हटलं नव्हतं. म्हणावं लागत नव्हतं, मी आपली मी बसायचे. काल मी उभीच राहिले, ती म्हणेल म्हणून. तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, आरावर लावली, फुगली. दुसरा गोळा घेतला. चार भाकऱ्या झाल्या. मग तिनं हात धुतले, माझं वरण आपल्या भांड्यात ओतून घेतलं, पातेलं विसळलं आणि माझ्या हातात दिलं.

मी घरी आले.