गोकींच्या गुऱ्हाळावरची वाफ

शनिवारी दुपारी पावणेदोन वाजता हार्लो मिल्सच्या अग्निशमन केंद्रात वर्दी आली : गोकींच्या गुऱ्हाळाला आग.

रोशेल टॅट्रो तेव्हा बंबाखाली पाठीवर पडून एका गळक्या झडपेशी झटत होती. वायरलेसवरचा आवाज ऐकून ती सरकत बाहेर आली आणि हात पुसू लागली. तिचा उपप्रमुख ड्वेन कटिंग भिंतीशी नळ्या गुंडाळत बसला होता. त्याने गुंडाळणे थांबवले नाही.

"वाफ," तो म्हणाला.

मार्चमध्ये मेपलच्या झाडांना रस सुटला की तो कढवून पाक करणाऱ्या डोंगरातल्या प्रत्येक गुऱ्हाळाच्या छपरातून दिवसभर वाफेचे लोट निघतात, आणि बाहेरगावचा कोणीतरी रस्त्यात गाडी थांबवून आग लागल्याचा फोन करतो. गावातल्या कोणाकडून अशी चूक होत नाही. गावातल्या माणसाची चूक वेगळी असते. तो अशी वर्दी ऐकतो आणि हसतो.

मागच्या रविवारी रोशेल हसली नव्हती. ती प्रमुख झाली होती गेल्या शरदात. गुऱ्हाळाची तिची ही पहिलीच वर्दी. चर्चच्या तळघरात हॅमचे सार्वजनिक जेवण चालू होते आणि केंद्राचे बहुतेक सगळे स्वयंसेवक तिथेच पानावर होते. तिने त्या सगळ्यांना उठवले, दोन्ही बंब काढले आणि भोंगा वाजवत गोकींच्या टेकडीवर नेले. म्हातारा अल्विन गोकी हातातल्या डावासकट दारात आला, दोन्ही बंबांकडे निवांत बघितले आणि त्याने विचारले, की आलाच आहात इतके जण, तर चहा टाकू का. ते परत आले तोवर हॅम संपले होते. दुसऱ्या दिवशी रोशेलच्या टेबलावर लाल फीत बांधलेली एक किटली होती आणि फितीला चिठ्ठी : 'चीफ, हीसुद्धा विझवा.' रोशेलने सगळ्यांसमोर हसून ती किटली फळीवर ठेवली. फीत सोडली नाही. जूनमध्ये सभासद नवा प्रमुख निवडणार होते. ड्वेनचे नाव घेतले जात होते, आणि ड्वेन नाही म्हणत नव्हता.

तिने वायरलेस उचलला. पलीकडे जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षातली जिनेट होती.

"धूर कसा आहे म्हणाले? काळा की पांढरा?"

"तसं काही बोलला नाही. म्हणाला, गोकींच्या गुऱ्हाळाला आग लागलीय, सगळ्यांना पाठवा. आणि फोन ठेवला."

"नाव?"

"विचारलं. नाही दिलं."

ड्वेनने नळीचे वेटोळे खांद्यावर घेतले आणि खुंटीला अडकवले. मग तो शांतपणे म्हणाला, "त्याच गुऱ्हाळावर दुसऱ्यांदा गेलीस ना, तर या वेळी किटली नाही, आख्खा चहाचा सेट येईल. तुझं तू बघ, बाई. मी आपलं सांगितलं."

"एकच बंब काढू," रोशेल म्हणाली. "भोंगा नको."

"चीफ तू आहेस," ड्वेन म्हणाला. बाहेर गारठा आहे, असे सांगावे तसे.

पेजरवर वर्दी ऐकून आणखी दोघे आले, तेही सावकाश. एकाच्या हातात अर्धे खाल्लेले सँडविच होते, या खेपेस त्याने ते सोबत आणले होते. बंब चढणीला लागला. रात्री कडक गोठले होते आणि सकाळपासून स्वच्छ ऊन होते. रस भरभरून सुटणारा असा दिवस हंगामात मोजक्याच वेळा येतो. खोऱ्यात जिथे नजर टाकावी तिथे झाडांच्या शेंड्यांवर वाफेचे पांढरे खांब उभे होते. रेनव्हिलांचे गुऱ्हाळ चालू होते, शाळेमागचे चालू होते, मेथडिस्ट चर्चच्या पाद्र्याचे ते एवढेसे खोपटेसुद्धा जोमाने फुसफुसत होते. ड्वेन प्रत्येक खांबाकडे बोट दाखवून 'आग' म्हणत होता आणि मागचे दोघे खिदळत होते. रोशेल समोर बघत गाडी चालवत राहिली.

वळण घेऊन ते गोकींच्या आवारात शिरले. गुऱ्हाळाच्या छपरावर काळा धूर नव्हता. पांढरा नव्हता. काहीच नव्हते.

"हे बरं झालं," ड्वेन म्हणाला. "या वेळी तर वाफसुद्धा नाही."

मागच्याने उरलेले सँडविच तोंडात टाकले. रोशेलने गाडी मागे घेण्यासाठी गिअर टाकला आणि आरशात बघितले. आरशात आवाराच्या कडेची मेपलची झाडे दिसत होती आणि त्यांच्या बुंध्यांवर टांगलेल्या बादल्या. जवळच्या झाडाखालच्या बर्फात एक करडा खळगा पडला होता. बादलीच्या काठावरून रस त्यात टपकत होता. पलीकडच्या झाडाखालीही तसाच खळगा. त्याच्या पलीकडेही.

तिने गिअर काढला.

"ड्वेन, आजच्यासारख्या दिवशी अल्विन चूल थंड ठेवील?"

ड्वेनने छपराकडे पुन्हा एकदा बघितले. मग बादल्यांकडे. त्याच्या चेहऱ्यावरचे हसू एकदम गेले नाही. विसरल्यासारखे काही क्षण तिथेच राहिले. रोशेलच्या आधी तोच खाली उतरला आणि साठी उलटलेला माणूस बर्फातून पळतो तसा पळाला.

दार आतून अर्धे अडले होते. चुलवणाशेजारी छतापर्यंत रचलेली लाकडे कोसळून सगळ्या जमिनीवर पसरली होती. काहिलीत रस होता, थंड, वर सायीसारखा पातळ पापुद्रा धरलेला. चुलवणात राख.

"अल्विन?" रोशेलने हाक मारली.

"दार लावा," लाकडांखालून आवाज आला. "ऊब जातेय."

ऊब तर कधीच गेली होती. म्हातारा कमरेपर्यंत ओंडक्यांखाली होता, ओठ निळसर, दाढीत लाकडाचा भुसा. चौघांनी एकेक ओंडका उचलून बाजूला केला. कोणी घाई केली नाही, कारण एक चुकीचा ओढला असता तर उरलेली रास त्याच्यावर आली असती. रोशेल त्याच्या डोक्याशी गुडघे टेकून बसली, आपले जाड जाकीट तिने त्याच्यावर घातले आणि त्याला बोलते ठेवले. सकाळी न्याहारी करून तो आला होता. वरचे लाकूड काढायला स्टुलावर चढला, आणि मग स्टूल एकीकडे, तो एकीकडे. खुब्याचे काहीतरी झाले होते. हाका मारून घसा बसला, तेव्हा त्याने हाका मारणे सोडून दिले.

"काहील करपली का?" त्याने विचारले.

"नाही. टाकीतून रस येत राहिला. चूल आपसूक विझली."

"मग ठीक." त्याने डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच राहिले म्हणून रोशेलने त्याचा खांदा दाबला, तेव्हा त्याने ते उघडले. "तुम्ही कशा काय आलात?"

"कोणीतरी फोन केला. आग लागली म्हणून. धूर दिसला असेल. रस्त्यावरून जाणारा असेल."

"धूर," अल्विन म्हणाला. "इथं सकाळपासून धूर कुठला?"

म्हाताऱ्याने मान वळवली. धुळकट खिडकीतून ओढ्यापलीकडची टेकडी दिसत होती आणि तिच्यावरचे त्याच्या धाकट्या भावाचे हिरव्या छपराचे घर. स्ट्रेचर येईपर्यंत तो तिकडेच बघत होता.

रुग्णवाहिका गेली. ड्वेन लाकडे पुन्हा भिंतीशी रचू लागला. कोणी सांगितले नव्हते. रोशेलने बंबापाशी येऊन जिनेटला कळवले, की माणूस जिवंत आहे, शुद्धीवर आहे, वाटेत बहुधा परिचारिकेशी भांडत असेल. जिनेटने सोडलेला श्वास वायरलेसवर ऐकू आला.

"तो फोन," जिनेट म्हणाली. "नंबर आहे माझ्यासमोर. सांगू?"

रोशेलने टेकडीकडे पाहिले.

"नको," ती म्हणाली.

ती टेकडीवर पोचली तेव्हा अल्विनचा धाकटा भाऊ क्लेटन हिरव्या छपराच्या घराच्या ओसरीवर उभा होता. पायात उंच रबरी बूट, अंगात कोट, टोपी कानांवर ओढलेली. कुठेतरी निघालेल्या आणि न निघालेल्या माणसासारखा. वडील गेले तेव्हा गुऱ्हाळातली त्यांची काहील अल्विनकडे गेली. त्यावरून दोघे भाऊ एकमेकांशी बोलायचे थांबले होते आणि क्लेटनने रस कढवणे सोडले होते. दुकानात एक शिरला की दुसरा बाहेर पडे. सगळ्या गावाला त्याची सवय झाली होती.

"बंब कशाला आला होता?" त्याने विचारले.

रोशेलने सांगितले. तो ओसरीच्या कठड्याला धरून ऐकत राहिला. खुब्याचे हाड, असे ती म्हणाली तेव्हा त्याने कठडा सोडला.

"बोलत होता?"

"दार लावा म्हणाला."

क्लेटनच्या घशातून हसण्यासारखा काहीतरी आवाज आला. "गाढव आहे. या वयात एकटा कढवतो. लाकूडसुद्धा धड रचत नाही, बाबांनी शंभरदा सांगितलं असेल." त्याने टोपी आणखी खाली ओढली. "बंब जरा लवकर नाही येत तुमचा?"

"सगळ्यांना वाटलं, वाफच असेल."

"वाफ असती तर..." क्लेटन म्हणाला.

रोशेलने बुटाने पायरीवरचा बर्फ बाजूला केला. इथून गुऱ्हाळाचे छप्पर स्पष्ट दिसत होते, दार मात्र झाडांमागे होते. धूर कधी पाहिलात, हा प्रश्न तिने विचारला नाही. बाजूच्या पायवाटेवर ताज्या पावलांची एक रांग ओढ्याच्या दिशेने अर्ध्यापर्यंत गेली होती आणि तिथून मागे फिरली होती. त्या रांगेकडेही तिने मुद्दाम बघितले नाही.

"टाकीत किती आहे?" क्लेटनने विचारले.

"भरून वाहतेय. बादल्याही."

"आज रात्री गोठणार नाही. रस असाच ठेवला तर नासणार सगळा." हे तो तिच्याशी बोलत नव्हता.

"गुऱ्हाळाच्या दाराची कडी मोडलीय," रोशेल म्हणाली. "दार मी नुसतं ओढून घेतलंय. कुलूप नाही लावलं."

क्लेटनने मान हलवली, म्हणजे ऐकले एवढेच. ती उताराला लागली तरी तो तिथेच उभा होता.

रविवारी सकाळी ती केंद्रात आली तेव्हा ड्वेन आधीच आलेला होता. फळीवरची किटली आता छोट्या शेगडीवर होती आणि तिच्यात पाणी उकळत होते. फीत कुठे दिसत नव्हती. त्याने दोन कपांत कॉफी ओतली, एक तिच्यासमोर सरकवला, आणि तालुक्याच्या रुग्णालयातून आलेला निरोप सांगितला : आज सकाळीच शस्त्रक्रिया आहे, डॉक्टरांना काळजी वाटत नाही, म्हातारा रात्रीच्या जेवणाला नावे ठेवतोय.

"नावं ठेवतोय म्हणजे बरा आहे," रोशेल म्हणाली.

"हो ना." ड्वेनने कपात फुंकर मारली. "काल मी गाडी वळवली असती, रोशेल."

"मी गिअर टाकलाच होता."

कॉफीला जुन्या किटलीची कळकट चव होती. ती त्यांनी संपवली.

दुपारी वायरलेस वाजला. दुसऱ्या राज्यातली एक बाई गाडीतून जाता जाता फोन करत होती. तिला टेकडीवरच्या एका खोपटातून भयंकर धूर येताना दिसत होता. पांढरा, दाट. जिनेटने रस्त्याचे नाव सांगितले आणि मग जरा थांबून म्हणाली, की पत्ता गोकींचाच आहे.

ड्वेनने रोशेलकडे बघितले. ती उठून मागच्या अंगणात गेली, तोही तिच्यामागे गेला. कड्यापलीकडे, अल्विनच्या गुऱ्हाळाच्या बाजूला, वाफेचा एक जाड खांब सरळ वर चढत होता आणि वारा नसल्याने फुटत नव्हता.

"वाफ," ड्वेन म्हणाला.

"हो," रोशेल म्हणाली आणि बंबाची किल्ली घ्यायला आत गेली. "तरी बघून येऊ. लाकडं नीट रचलीत का तेवढं."

अल्विन गोकी त्याच दुपारी शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आला. त्याच्या गुऱ्हाळावर वाफ आहे, हे त्याला अजून कोणी सांगितलेले नव्हते.