साहेबाच्या हिरवळीवरून सोमाजीच्या खळ्यावर

मित्रांनो, मी एक जुनी गवत कापायची मशीन आहे, आणि आधीच सांगून टाकते, मला एका जागी राहवत नाही. तुमच्या वर्गात एखादा असतो ना, ज्याला दोन पळं धड बसता येत नाही, तशी मी. पुढे फिरती पाती, मध्ये इंजिन, मागे वजनदार लोखंडी रूळ आणि त्या रुळावर माणसाला बसायला खुर्ची. हाताने ढकलायच्या मशिनी वेगळ्या. माझ्यावर माणूस बसून जायचा.

माझा जन्म विलायतेतला. आलापल्लीच्या बंगल्यातल्या एका गोऱ्या साहेबाने हौसेने मला मागवलं. चहूकडे आभाळाला टेकलेले साग, आणि या गृहस्थाचं सगळं लक्ष अंगणातल्या गवतावर! इस्तारी नावाचा माळी मला चालवायचा. इकडून तिकडे, तिकडून इकडे. पाहुणे म्हणायचे, काय सुरेख हिरवळ! मी फुगायचे. खोटं कशाला बोलू, कौतुक मला आवडतं.

मग स्वातंत्र्य आलं आणि साहेब गेला. बंगल्यात जे नवे आले, त्यांनी हिरवळ खणून वांगी-मिरच्या लावल्या. शहाणेच म्हणायचे ते, पण माझं काय? मला मागच्या पडवीत ढकललं. खुर्चीवर कोंबडी अंडी उबवायची, पेट्रोलच्या टाकीत मुंग्यांनी घर केलं. आठ वर्षं! बाहेर बैलबंडीचा आवाज आला की वाटायचं, मलाच न्यायला आली. माझा जीव नुसता वरखाली व्हायचा.

१९५५ साली तिथल्या जुन्या सामानाचा लिलाव झाला. आरमोरीकडचा सोमाजी नावाचा धानाचा शेतकरी कुदळ-फावडं घ्यायला आला होता. त्या पावसाळ्यात त्याच्या जोडीतला एक बैल साप चावून मेला होता. राहिला होता एकटा खैऱ्या. सोमाजीने इस्तारीला विचारलं, ही काय करते? गवत कापते, इस्तारी म्हणाला. सोमाजी माझ्याभोवती दोन चकरा मारून आला.

"धान बी गवतच होय," तो म्हणाला. "गवत कापते त धान काऊन नाई कापनार?"

झालं! कुदळ राहिली बाजूला, मी भाड्याच्या बंडीत चढले. पाच दिवस धक्के खात आरमोरीला पोचले, आणि काय सांगू, एकेक धक्का गोड लागला.

गावात मुखरू होता, भाताच्या गिरणीत इंजिन सांभाळणारा. त्याने माझा एकेक नट उघडला. जखडलेला पिस्टन चार दिवस घासलेटात भिजवला, फाटलेल्या वायसरच्या जागी चपलेचं चामडं कापून बसवलं, पाती कानशीने घासली. मी अधीर, आणि मुखरू सावकाश! सोळाव्या दिवशी त्याने दोरी ओढली. मी खोकले, धूर सोडला आणि धडधडायला लागले. सोमाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही रडू आलं असतं, पण आम्हा लोखंडी जातीला ते जमत नाही.

आता फजितीचं सांगते. दुसऱ्याच दिवशी सोमाजीने मला पिकलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात घातलं. कमरेएवढं धान माझ्या पात्यांना कुठून झेपणार? मी ते आडवं पाडलं, चावलं, अर्धे दाणे उधळले आणि बांधीच्या मधोमध अडकून बसले. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, गाव जमलं होतं. लोक पोट धरून हसले. सोमाजीची बायको भागीरथा हसली नाही. ती खाली बसून दाणे वेचू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढचं धान इळ्यानेच कापलं आणि त्याचे तीन पुंजणे रचले. वर्षभराची चूल त्या तीन ढिगांत होती. आता बैल फिरवून धान चुरायचं, म्हणजे मळणी करायची. तिथली रीत अशी की तुम्ही तुमची जोडी दुसऱ्याच्या खळ्यावर द्यायची, मग तो त्याची तुमच्याकडे पाठवतो. सोमाजीजवळ जोडीच नव्हती. पाळ्या लावणारे गुणवंतराव म्हणाले, सगळ्यांचं झाल्यावर पाहू. त्यात वाईट हेतू नव्हता, रीतच तशी. पण पौषात आभाळ भरून यायला लागलं. पुंजणे भिजले तर धान काळं पडणार, त्याला कोंब फुटणार. सोमाजी दिवसातून दहादा दारात येऊन वर पाहायचा.

तेव्हा भागीरथा बोलली. "अजी, त्या दिवशी मी दाने वेचले ना. दातानं खराब केलं हिनं. पन जिथून रूळ गेला, तिथं दाना अख्खा सुटला होता. हिचे दात काढा, अन् हिले बैलासारखी फिरवा."

मुखरूने पाती उतरवली. खळ्यावर उतरण्याआधी बैलाचे पाय धुतात, तसा भागीरथाने माझा रूळ धुतला आणि कुंकू लावलं. मग तिला माझ्या इंजिनातून गळणारं तेल दिसलं. माह्या भातात घासलेटाचा वास नाई पाहिजे, असं म्हणून तिने माझ्या पोटाखाली डबाच बांधला. मला राग आला, पण बाईचं खरं होतं.

सकाळपासून मी पेंढ्यांवर गोल गोल फिरले. दोन पुंजणे झाले. तिसरा पसरला, तसे गार वारे सुटले, आणि नेमकं तेव्हाच पेट्रोल संपलं. मी जागच्या जागी ठप्प. तालुक्याला जाऊन यायला वेळ कुठला? 

भागीरथाने गोठ्यातून खैऱ्याला सोडून आणलं आणि माझ्यापुढे जुंपलं. अहो, विलायती इंजिनाची मी, आणि मला बैल ओढणार! क्षणभर लाजच वाटली. पण खैऱ्याने मान घातली, रूळ हलला, खालचे दाणे करकरून सुटायला लागले, आणि माझी लाज कुठल्या कुठे पळाली. मला तर फिरायचंच होतं. शेवटचं टोपलं घरात गेलं तेव्हा पाऊस आमच्या पाठीवर पडत होता. दाणा एक भिजला नाही.

गुणवंतरावांचे दोन पुंजणे मात्र ओले झाले. ते उन्हात पसरून सुकवले, पण लवकर चुरायला हवे होते आणि त्यांचे बैल खुरांच्या रोगाने बसले. सोमाजीने बोलावण्याची वाट पाहिली नाही. खैऱ्याला आणि मला घेऊन तो सरळ त्यांच्या खळ्यावर गेला.

पुढच्या वर्षी पाळ्या ठरवायला माणसं जमली. मी अंगणात चुळबुळत होते. सोमाजी घरी आला आणि भागीरथासमोर उभा राहिला.

"गुणवंतरावनं पाळीत आपली जोडी धरली," तो म्हणाला. "खैऱ्या अन् मशीन."

मित्रांनो, तुमच्याही घरी कुठे पडवीत, कुठे माळ्यावर काहीतरी पडलेलं असेल. त्याला फडका मारा, तेल घाला आणि जमेल ते काम द्या. ज्या कामासाठी बनलो तेच पाहिजे, असा हट्ट आम्ही धरत नाही. फक्त बसवून ठेवू नका हो, बसणं फार जड जातं.