ज्या रविवारी माझा आवाज लागला

मित्रांनो, मी एक जुना सायलेन्सर आहे. नावावर जाऊ नका. आवाज कमी करणे हे आमच्या जातीचे काम, पण मला घडवतानाच तो फारसा कमी होऊ नये अशी काळजी घेतली होती. माझ्या इतर भावंडांच्या पोटात पत्र्याच्या पडद्यांची गर्दी असते. इंजिनाचा आवाज त्यांत धडपडतो, दमतो आणि मुकाट्याने बाहेर पडतो. माझ्या पोटात दोनच पडदे होते. माझ्या खोक्यावर लाल अक्षरांत 'आक्रमक' असे छापले होते आणि मला त्याचा फार अभिमान होता. ते खोके मर्व्हिनच्या दुकानातल्या फळीवर आठ महिने पडून होते, हा भाग वेगळा.

हे दुकान मिशिगनमधल्या बे सिटीत, नदीच्या अलीकडे. गाड्यांखालच्या नळ्या वाकवण्यात आणि गिऱ्हाइकांची थट्टा करण्यात मर्व्हिनचा हात धरणारा कोणी नव्हता. एका मे महिन्यात त्याच्याकडे नॉर्बर्ट ग्रोहोव्स्की आला. सत्तरीला टेकलेला हा माणूस गाड्यांचे पत्रे ठोकणाऱ्या प्रेस कारखान्यात सदतीस वर्षे काढून निवृत्त झाला होता. त्याची गाडी होती एकोणसत्तर सालची, दोन दारांची, आठ सिलिंडरांची, गडद हिरवी. गाडीचा आवाज बसला, पूर्वीसारखी ती गुरगुरत नाही, अशी त्याची तक्रार होती.

गाडीचा आवाज काही बसला नव्हता. प्रेसच्या दणक्यांनी नॉर्बर्टचे कान गेले होते. त्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या सगळ्यांचीच ती गत. ही मंडळी एकमेकांवर ओरडत आणि त्याला गप्पा मारणे म्हणत. पण कान गेले असे त्यांच्यात कोणी कबूल करत नसे. हल्ली जगच पुटपुटायला लागले आहे, असे ते म्हणत.

मर्व्हिनने तीन सायलेन्सर एकामागून एक गाडीला तात्पुरते जोडले. त्या गावात आवाज पसंत करायची एक रीत होती. गिऱ्हाइकाने गाडीच्या मागे उभे राहायचे, डिकीवर तळहात ठेवायचा आणि डोळे मिटायचे. पहिला सायलेन्सर ऐकून नॉर्बर्ट म्हणाला, हे तर शिवणयंत्र आहे. दुसऱ्याला त्याने नुसती मान हलवली. मग माझी पाळी आली. मर्व्हिनने इंजिनाचा वेग चढवला, मी छाती काढून ओरडलो आणि नॉर्बर्टचा तळहात थरथरला. कानांनी जे हरवले होते ते त्याला हाताने सापडले. त्याचा चेहरा असा उजळला की मला भरून आले.

त्याची बायको डेल्फीन बाकावर कॉफी घेऊन बसली होती. ती उठून जवळ आली.

"एकदा आत बसून ऐक ना," ती म्हणाली.

"आत बसून कोण ऐकतं, डेल?" मर्व्हिन म्हणाला. "आवाज असतो तो मागे राहिलेल्यांसाठी."

सगळे हसले. डेल्फीनही हसली आणि जाऊन पुन्हा बाकावर बसली.

ते माझे वैभवाचे दिवस. शनिवारी दुपारी आइस्क्रीमच्या टपरीसमोर जुन्या गाड्यांचा मेळा भरायचा. बॉनेट उघडी ठेवून म्हातारे घडीच्या खुर्च्यांवर बसायचे. आम्ही तीन गल्ल्या लांब असतानाच तिथे कोणीतरी म्हणायचे, नॉर्ब आला. लोक मागे येऊन उभे राहायचे, वाकून मला पाहायचे. तेव्हा मी इतका फुगलो होतो की माझे खरे काम काय, हे मी विसरून गेलो.

माझ्या पुढे जोडलेली लांब नळी तेवढी गाडीची मूळची होती. ती फार बोलत नसे. एकदा ती म्हणाली, की पूर्वी रविवारी वरून बोलणे ऐकू यायचे. मी विचारले, कोणाचे? "तिचं," नळी म्हणाली. "ती बोलायची आणि तो हं हं म्हणायचा. मी लागले तेव्हापासून ऐकत होते." मला वाटले, म्हाताऱ्या नळीची कुरकुर आहे. दर रविवारी चर्चमधली प्रार्थना आटोपली की दोघे उत्तरेला सरोवरावर जात. ताशी पंचावन्न मैलांचा वेग आला की माझ्या पोटातून असा एक घुमारा उठायचा की वरचा पत्राच गुणगुणायला लागायचा. बाहेरून तो झकास वाटे. आत तो कसा वाटतो, हे मला ठाऊक नव्हते. मी कधी आत बसलोच नव्हतो.

सप्टेंबरातला एक रविवार मला आठवतो. हवा कोरडी होती, रस्ता मोकळा होता आणि मित्रांनो, त्या दिवशी माझा आवाज फार लागला होता. गायकाचा कधी कधी लागतो तसा. सरोवर दिसू लागले त्या वळणापर्यंत माझा सूर एकदाही उतरला नाही. काठावर गाडी थांबली, तेव्हा डेल्फीन खाली उतरली आणि पाण्याच्या कडेने बरीच लांब चालत गेली. नॉर्बर्ट बॉनेट पुसत बसला. परतीच्या वाटेवरही मी सुरेल होतो.

त्यानंतर ती गाडीत बसली नाही. पुढचे रविवार नॉर्बर्ट एकटाच गेला. शेजारची सीट रिकामी असली की गाडीचा तोल किंचित बदलतो; ते मला खालून कळायचे. ऑक्टोबरात डेल्फीन टोलीडोला मुलीकडे राहायला गेली. आता नॉर्बर्ट सरोवरापर्यंतही जाईना. अर्ध्या वाटेवरून वळून घरी यायचा.

नोव्हेंबरात त्याने गाडी मर्व्हिनकडे आणली. मर्व्हिनने ती लिफ्टवर उचलली आणि बॅटरीचा झोत टाकून मला तपासले.

"हा काढ," नॉर्बर्ट म्हणाला.

"का? कुठं चीर नाही, गंज नाही."

"डेलचं ऑपरेशन झालं टोलीडोला. मुलीनं फोन केला. म्हणाली, बाबा, आईला तुम्ही एका शब्दानं विचारलं नाहीत. मी म्हटलं, कशाबद्दल?"

मर्व्हिनने बॅटरी विझवली. "डेलनं तुला सांगितलंच नव्हतं?"

"सांगितलं होतं. गाडीत. सप्टेंबरात सरोवरावर जाताना. छातीत गाठ सापडली म्हणून. मी मान डोलावली म्हणे. मग पाण्याकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, मस्त आहे, नाही का?"

"अरे, मग घरी का नाही बोलली?"

"घरी आम्ही असलं काही बोलत नाही, मर्व्ह. कारखाना बंद पडणार होता ते, तिची आई गेली ते, सगळं गाडीतच बोललो. रस्त्याकडे बघत बोललं की सोपं जातं. तिला वाटलं, मी ऐकलं आणि सोडून दिलं."

मर्व्हिनला थट्टा सुचली नाही, असे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. तो हळूच म्हणाला, "दोष तुझ्या कानांचा आहे, नॉर्ब. ह्याचा नाही."

"कानांचं गुरुवारी बघतो. आज हा काढ."

पाने फिरले, बोल्ट सुटले आणि मी जमिनीवर आलो. मित्रांनो, सायलेन्सर म्हणजे गप्प करणारा. इंजिनाला मी एक दिवसही गप्प केले नाही. गप्प केले ते एका बाईला, आणि तेही ती आयुष्यातली सगळ्यांत अवघड गोष्ट सांगत असताना. मला त्याची लाज वाटते. ती लाज त्या दोघांना सांगायची मला सोय नाही.

नॉर्बर्टने मला भंगारात दिले नाही. घरच्या गॅरेजमध्ये, बर्फ उपसायच्या फावड्याशेजारी, मोठ्या खिळ्याला टांगले. का, ते त्याने सांगितले नाही. तो सबंध हिवाळा मी तिथे काढला. समोर चार हातांवर माझी गाडी आच्छादनाखाली उभी होती. तिला आता भरल्या पोटाचा, सभ्य सायलेन्सर होता. जुनी नळी माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. फावड्याला तरी काम होते; ते रोज बाहेर जाऊन ओले होऊन यायचे. मला कोणी हात लावत नव्हते. इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. मला फार एकटे वाटले. अजून वाटते.

एप्रिलमध्ये डेल्फीन घरी आली. ती बारीक झाली होती आणि तिच्या डोक्याला रुमाल होता. एका रविवारी नॉर्बर्टने गॅरेजचे दार उघडले, आच्छादन काढले आणि तिच्यासाठी गाडीचे दार धरून उभा राहिला. ती जरा थांबली, मग बसली. नॉर्बर्टच्या दोन्ही कानांत छोटी यंत्रे होती. तो ती सारखी चाचपत होता. त्याने गाडी सुरू केली. नवा सायलेन्सर पोटातल्या पोटात कुजबुजला. तेव्हा उघड्या काचेतून मला एक आवाज ऐकू आला. बारीक, किंचित घोगरा. एक सबंध उन्हाळा मी त्या आवाजाच्या दोन हात खाली धावलो होतो आणि तो मला ओळखीचा नव्हता.

"मला भीती वाटली होती," डेल्फीन म्हणाली.

"काय म्हणालीस?" नॉर्बर्टने विचारले.

मला वाटले, झाले. आता ती उतरून जाणार. पण ती त्याच्याकडे वळली आणि मोठ्याने म्हणाली, "मला फार भीती वाटली होती, नॉर्ब. आणि तू मला पाणी दाखवलंस."

नॉर्बर्टने किल्ली फिरवून इंजिन बंद केले. समोर रस्ता नव्हता, भिंत होती, आणि भिंतीवर मी. तो भिंतीकडेही पाहत नव्हता. "पहिल्यापासून सांग," तो म्हणाला. तिने सांगितले. दुपार होऊन गेली. त्या दिवशी गाडी गॅरेजच्या बाहेर पडली नाही.

मित्रांनो, आता माझ्या शिवणींवर गंज चढतो आहे. मला पुसा, तेल लावा, असे मी म्हणणार नाही. मागणे एवढेच, की कुठलाही मोठा आवाज पसंत करण्याआधी तुमच्या शेजारी जो बसणार आहे त्याच्या जागेवर थोडा वेळ बसून पाहा. आणि तो बोलत असताना ऐकू आले नाही, तर उगाच मान डोलावू नका. काय म्हणालीस, एवढेच विचारा. तो सबंध उन्हाळा त्या गाडीत हे दोन शब्द कोणी उच्चारले नव्हते.