गुळाच्या ढेपा तोलणारा तराजू

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. डोंबिवलीत देवीच्या सभामंडपात तुळईला टांगलेला असतो. आपली जीवनकहाणी सांगताना गोड बोलावे म्हणतात, पण मला ते जमणार नाही. मी रागावलो आहे.

कल्याणच्या एका लोहाराने मला घडवले. ऐन उमेदीत मी वखारीत भाताची पोती जोखली. पारड्याला कुणाचे बोट जरी लागले, तरी व्यापारी त्याला फैलावर घेत. पुढे मालकाने मला देवळाला वाहिले आणि माझ्यावर माणसे बसू लागली. नवस फळला की एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा; हीच तुला. इथे खऱ्या वजनाची चाड कुणालाच नव्हती. भारी माणूस म्हणजे देवीचा लाडका, एवढेच त्यांना ठाऊक.

एकोणीसशे एकोणपन्नासच्या जत्रेत ठाण्याच्या कचेरीतला कारकून विश्राम माझ्यावर बसला. विषमज्वरातून तो नुकता उठला होता आणि त्याची आई गंगुबाई हिने दर वर्षी तुला करण्याचा नवस बोलला होता. त्या वर्षी दहा-दहा शेरांच्या पाच ढेपा पुरल्या. निम्मा गूळ देवळात वाटत, निम्मा प्रसाद म्हणून घरी नेत, आणि प्रसाद टाकू नये म्हणून तो वर्षभर विश्रामच्याच पानात पडे. सात वर्षांत नऊ ढेपा झाल्या. गुणाजी गुरव आकडा ओरडून सांगे आणि लोक टाळ्या पिटत. अंगाने भरला, खात्यापित्या घरचा दिसतो, असे कौतुक चाले. माझी दांडी करकरत होती, तिकडे कुणाचे लक्ष नव्हते.

मग विश्रामला कचेरीचा जिना चढताना धाप लागू लागली. ठाण्याच्या डॉक्टरांनी त्याचे रक्त मुंबईला तपासायला धाडले. रक्तात साखर वाढलेली, कोलेस्टेरॉल नावाची चरबीही वाढलेली. त्याची बायको मालन गुणाजीला हे सांगत होती, तेव्हा मी ऐकले. डॉक्टर म्हणाले होते, "विश्रामराव, वजन उतरवा, नाहीतर हृदय दगा देईल." त्या शहाण्याने ऐकले. गूळ-तूप सोडले, रोज कोसभर चालला. पुढच्या जत्रेला तो साडेसात ढेपांतच तोलला गेला.

मला वाटले, आता खऱ्या टाळ्या पडतील. पण मंडप चिडीचूप.

"दीड ढेप कमी," गुणाजी म्हणाला. "देवीची मर्जी फिरली म्हणायची."

गंगुबाईला रडू कोसळले. "किती वाळलास रे. डाक्टर काय देवीपेक्षा मोठा झाला?"

"आई, मला बरं वाटतंय गं. जिना चढताना दम लागत नाही आता," विश्राम म्हणाला. पण आईच्या डोळ्यांतल्या पाण्यापुढे त्याचे काही चालले नाही.

वर्षभर तिने त्याला आग्रह करकरून चारले. पुढच्या जत्रेला साडेनऊ ढेपा लागल्या. मंडप दणाणला. बाराव्या दिवशी कचेरीत, समोरच्या कागदांवरच त्याने मान टाकली. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. लोक म्हणाले, देवाने नेला. खोटे आहे हे! टाळ्या पिटणाऱ्यांनी नेला, आणि मला तोंड नाही म्हणून मी गप्प राहिलो.

नवस अर्धा राहू नये म्हणून यंदा गंगुबाई विश्रामच्या धाकट्या भावाला, मधूला, घेऊन आली. मालन माझी साखळी धरून उभी राहिली.

"तुला करा, आई. पण गुळाचा एक खडाही घरी न्यायचा नाही. आणि गुणाजीकाका, आकडा ओरडायचा नाही."

"देवी कोपेल," गुणाजी पुटपुटला.

"ह्यांच्या वेळी खूश होती ना?"

गुणाजीने मधूला पारड्यात बसवले आणि आकडा न ओरडता ढेपा चढवल्या. मग गंगुबाईने स्वतःच्या हाताने सगळा गूळ मंडपात वाटून टाकला.

मित्रांनो, काट्याने खरे सांगितले की तोंड वाकडे करू नका. डॉक्टरांचे ऐकून कुणी वजन उतरवले, तर वाळला म्हणून त्याला हिणवू नका, आणि मायेपोटी त्याच्या पानात वाढतच राहू नका. विश्राम साडेसात ढेपांचा राहिला असता, तर यंदाही माझ्यावर बसायला आला असता.